आभाळातून पडणारा युरिया

रविवारी नानांना व्हिडिओ कॉलवर इथलं जंगल दाखवत होतो. नेदरलँड्समधलं वेलूवे, घराजवळच. कमरेएवढी काटेरी झुडपं, गच्च गवत. रावेरला केळीच्या बागेत उभे राहून नाना म्हणाले, "जंगल तर भारी माजलंय रे!"

माजलंय हेच दुखणं आहे, म्हटलं. गोठ्यांतल्या शेणमुताचा अमोनिया, गाड्यांचा धूर, सगळं हवेतून इथं उतरतं. देशभराची सरासरी धरली तर हेक्टरी वर्षाला साधारण 20 किलो नत्र, म्हणजे युरियाच्या एका 45 किलोच्या गोणीत असतं तेवढं.

नाना हसलेच. "अडीच एकराला एक गोणी? आपण केळीच्या एका खोडाला 200 ग्रॅम नत्र देतो. फुकटचा युरिया भेटतो अन् रडता?"

पण केळीचा घड कापून गाडीत जातो, जंगलातून काहीच उचललं जात नाही. शिवाय इथली जमीन म्हणजे नुसती वाळू, गरिबीत जगायला शिकलेली. जास्तीचं खाणं गवत आणि काटेरी झुडपं हाणतात, नाजूक झाडोरा खाली दबतो. मातीतले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल सुटतं. नायट्रेट पावसाबरोबर खाली झिरपतं ते चुना, मॅग्नेशियम, पोटॅश सोबत घेऊनच. मग मातीतलं अॅल्युमिनियम सुटं होऊन मुळांना छळतं.

चुना गेला की गोगलगायी घटतात. इथं कोलमेस नावाचा चिमणीएवढा, पिवळ्या पोटाचा पक्षी आहे. अंड्याच्या कवचाचा चुना तो गोगलगायींच्या शंखातून मिळवतो. 1980 च्या दशकातच अशा जंगलांत त्याची पातळ, सच्छिद्र कवचाची अंडी सापडली होती. पुढे घरट्यातच पाय मोडलेली पिल्लंही दिसली. हे ऐकून नाना गप्प झाले.

(2019 मध्ये कोर्टाने सरकारची नत्र-योजना रद्द केली; गोठ्यांना, बांधकामांना परवाने तिच्याच आधारे मिळत. बांधकामं अडली, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन सरकार बसतं त्या हेगमध्ये घुसले. शेतकऱ्यांची बाजूही खोटी नाही. शेवटी मीही शेतकऱ्याचाच पोरगा.)

रावेरला आमच्या खालच्या वावरात उलट चुनखड आहे, त्यापायी केळीची पानं पिवळी पडतात. नाना जन्मभर तिला शिव्या देत आले.

"मंग आता करता काय तिथं?"

"काही ठिकाणी दगडाची भुकटी पसरतात. हळूहळू विरघळते, गेलेला चुना परत देते."

"दगडाची? मंग पुढच्या खेपेला आपला मुरूम घेऊन जा. दोन ट्रॉल्या देतो."