नवा सेल घातला, तरी अंक कोरे

जुन्या डिजिटल घड्याळाचे अंक दिसेनासे झाले की "एलसीडी (अंक दाखवणारी काच) गेली, टाकून द्या" असं सांगून लोक मोकळे होतात. एलसीडी खरं तर सहसा जात नाही. तिच्यापर्यंत वीज पोचत नसते. म्हणून तपासणी सेलपासून सुरू करायची आणि एलसीडीला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

सीआर जातीचा लिथियम सेल ३ व्होल्टचा, एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड १.५५ व्होल्टचा. एसआरच्या जागी त्याच मापाचा स्वस्त एलआर म्हणजे अल्कलाइन सेल बसतो, पण त्याचा व्होल्टेज हळूहळू उतरतो आणि अंक फिके पडत जातात. दुकानात बरीच वर्षं पडून राहिलेला सेल नुसत्या मल्टिमीटरवर ठणठणीत दिसतो. त्याला १ किलोओहमचा रेझिस्टर जोडून दोन सेकंद व्होल्टेज बघा. सीआर २.७च्या किंवा एसआर १.४च्या खाली घसरला तर तो घेऊ नका. सेल धरायला प्लॅस्टिकचा चिमटा वापरा. धातूच्या चिमट्यानं कडा धरल्या की प्लस-मायनस शॉर्ट होतात.

सेल चांगला, तरी डिस्प्ले कोरा किंवा अर्धवट? कॅसिओ असेल तर मॉड्यूलवर, म्हणजे घड्याळाच्या आतल्या यंत्रावर, 'एसी' अशी खूण शोधा. सेल बदलताना आतली चिप भलत्याच अवस्थेत अडकते, तिला तिथून रिसेट करायचं असतं. एसीचा बिंदू आणि सेलची प्लस बाजू धातूच्या चिमट्यानं साधारण दोन सेकंद जोडून ठेवा. एफ-९१डब्ल्यूसारख्या घड्याळात एवढ्यानंच अंक परत येतात. ही पायरी गाळली म्हणून किती चांगली घड्याळं भंगारात गेली असतील! एसीची खूण नसलेल्या घड्याळात सेल काढून मॉड्यूलचे दोन्ही संपर्क काही सेकंद एकमेकांना जोडा, मग सेल परत बसवा.

यानंतर मागचं झाकण तात्पुरतं बसवून बटण दाबा. झाकण उघडं ठेवून ही चाचणी होत नाही, कारण आवाज करणारी पातळ चकती बऱ्याच कॅसिओंत झाकणालाच चिकटवलेली असते आणि एक बारीक स्प्रिंग तिला सर्किटशी जोडते. (ती स्प्रिंग टेबलावरून उडाली तर सापडणं कठीण, म्हणून काम पांढऱ्या कापडावर करा.) बीप आला पण अंक नाहीत, तर चिप जिवंत आहे. मग दोष जवळजवळ नक्की झेब्रा पट्टीत.

झेब्रा पट्टी म्हणजे सर्किट आणि एलसीडी यांच्यामध्ये दाबून बसवलेली सिलिकॉन रबराची पट्टी. तिच्यात वीज वाहणारे आणि न वाहणारे थर केसासारखे बारीक, आलटूनपालटून असतात. मध्ये धूळ, तेल किंवा बोटाचा घाम आला की अंकांच्या काही रेघा गायब होतात आणि ८ चा ६ किंवा ९ दिसायला लागतो. पट्टी चिमट्यानं काढताना वरची बाजू कुठली ते लक्षात ठेवा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं पट्टी, सर्किटवरचे संपर्क आणि एलसीडीची कड पुसा. पेट्रोल किंवा थिनर अजिबात नको, रबर फुगतं. सगळं पूर्ण सुकू द्या आणि पट्टी ताणू नका. परत बसवताना पत्र्याचे सगळे क्लिप नीट अडकले पाहिजेत. एक सुटला तरी त्या बाजूचा दाब कमी पडतो आणि तिथल्याच रेघा जातात.

सेल गळून तांब्यावर हिरवट-निळा थर आला असेल तर काडीला व्हिनेगर लावून तेवढाच भाग पुसा, नंतर अल्कोहोलनं. कोल्हापूरच्या २०१९ किंवा २०२१च्या पुरात भिजलेलं घड्याळ असेल तर आधी अल्कोहोलनं गाळ काढा. ओल असताना सेल घालू नका, विजेमुळे तांब्याच्या रेघा खाल्ल्या जातात. तुटलेली रेघ भिंगाखाली चांदीच्या कंडक्टिव्ह पेंटनं जोडता येते. दहापट मोठं दाखवणारं भिंग कोल्हापूरच्या गुजरीत सोनारांच्या हत्यारांच्या दुकानात विचारा.

अंक आहेत पण सगळं तपकिरी-जांभळं, तर एलसीडीवर चिकटवलेली वरची पोलरायझर फिल्म (हिच्यामुळेच अंक दिसतात) खराब झाली आहे. ती हलक्या उष्णतेनं मऊ करून सोला, उरलेला गोंद काढा. नवी फिल्म कापण्याआधी घड्याळ चालू ठेवून एलसीडीवर फिरवून बघा. एका कोनात अंक काळे दिसतात, ९० अंशांनी फिरवली की पार्श्वभूमी काळी आणि अंक उजळ, आणि मधल्या कोनात काहीच नाही. त्या मधल्या कोनाला घाबरून काम सोडू नका. काळा डाग पसरत असेल तर मात्र काच तडकून आतलं द्रव निसटलेलं असतं, ते दुरुस्त होत नाही.

लाल अंकांची एलईडी घड्याळं वेगळी. बटण दाबल्याशिवाय ती उजळतच नाहीत आणि मिलिअँपिअरमध्ये वीज खातात, त्यामुळे त्यांत कायम ताजे सिल्व्हर ऑक्साइड सेलच घाला.

झाकण लावताना गॅस्केटला, म्हणजे झाकणाखालच्या रबरी कडीला, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा आणि स्क्रू तिरपे-समोरासमोर थोडे थोडे आवळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा दमट असते, तेव्हा उघडं मॉड्यूल रात्रभर सिलिका जेलच्या डबीत ठेवून मगच बंद करा. आणि एफ-९१डब्ल्यूची एलसीडी फुटलीच असेल तर पट्टा तुटलेलं, केस झिजलेलं कॅसिओचंच ए१५८डब्ल्यू शोधा. दोन्हींत ५९३ हेच मॉड्यूल आहे.