उत्तर कुणाला, पडलं कुठे
आज सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा झाली, "उद्या टाकी धुवायची, चालेल ना?" मी टाइप करेपर्यंत मध्येच तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गेल्याचा निरोप आला. आणि त्याच्याखाली माझं, "हो हो, उत्तम!"

घामच फुटला. मेसेज उजवीकडे सरकवून उत्तर दिलं असतं तर मूळ प्रश्न वर दिसला असता. १९९५ सालच्या नेटिकेटच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या शिष्टाचाराच्या, नियमावलीतही (दस्तऐवज आरएफसी १८५५) तेच आहे: उत्तरासोबत मूळ मजकूर संदर्भापुरता ठेवा. संदर्भापुरताच हं! आमच्याकडे एकजण अख्खं इतिवृत्त परत चिकटवून खाली लिहितात, "सहमत".

डिलीट केलं, पण डिलीट केल्याची खूण तिथंच राहिली. संध्याकाळी आजींकडे जाऊन आलो. त्यांच्या मुलाने सकाळपासून फोन उघडलाच नव्हता.