चार तासांची बॅटरी आणि चार महिन्यांचा पाऊस

गेल्या चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गोव्यातील डिचोलीत आमच्या वाड्यावर लाइट गेली. रात्रीच्या वाऱ्यापावसात खिळखिळी झालेली फणसाची फांदी तारेवर येऊन पडली होती. पाऊस मात्र थांबला होता आणि अंगणात लख्ख ऊन होते. शेजारच्या काकी दारात येऊन म्हणाल्या, "तुमच्या गच्चीवर सोलर आहे, वर एवढं ऊन आहे, मग तुमचेही पंखे बंद कसे?"

त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. आमची पॅनेल तीन किलोवॉटची असली, तरी त्यांना जोडलेला इन्व्हर्टर बाहेरच्या तारेतील वीज पाहूनच चालतो आणि ती गेली की क्षणात स्वतःला बंद करून घेतो. तसे झाले नाही, तर आमच्या गच्चीवरील वीज उलट दिशेने ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरेल आणि खांबावर चढून फांदी सोडवणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. हे सांगितल्यावर काकींना पटले, पण माझे मन मात्र तिथेच अडकले. पॅनेलवर ऊन पडत होते आणि त्यातील एक युनिटही ठेवायला माझ्याकडे जागा नव्हती.

नेट मीटरिंगमुळे, म्हणजे तारेत दिलेली वीज तारेतून घेतलेल्या विजेतून बिलात वजा करण्याच्या सोयीमुळे, आपली वीज 'साठते' असा समज आपल्याकडे फार रुजलेला आहे. प्रत्यक्षात मीटर फक्त हिशेब ठेवतो. दुपारी बारा वाजता आमच्या घरातून बाहेर गेलेले युनिट त्याच क्षणी वाड्यावरील कोणाच्या तरी फ्रिजमध्ये किंवा पंपात खर्च होते, आणि रात्री आठ वाजता आम्ही जे युनिट 'परत' घेतो, ते बहुतांशी कोरबा किंवा विंध्याचलसारख्या दूरच्या केंद्रात त्या वेळी जळणाऱ्या कोळशातून आलेले असते. गोव्याची बहुतेक वीज राज्याबाहेरूनच येते. गच्च्यांवरील पॅनेल वाढत जातील तशी दुपारी वीज उतू जाईल आणि दिवेलागणीला, म्हणजे साधारण साडेसहा ते साडेदहा या चार तासांत, तिची ओढाताण होईल. साठवणुकीची पहिली गरज या चार तासांची आहे.

ही गरज भागवणारे सर्वांत जुने मोठे साधन म्हणजे पाणी. जेव्हा वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचे आणि गरज असेल तेव्हा टर्बाइनमधून खाली सोडायचे, याला उदंचन जलविद्युत म्हणतात. महाराष्ट्रातील घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. तिथे वरच्या आणि खालच्या जलाशयांत सुमारे ४०० मीटरचा फरक आहे. चढवताना खर्च केलेल्या १०० युनिटांपैकी साधारण ७५ ते ८० परत मिळतात. उंचीचे महत्त्व किती, हे समजण्यासाठी मी आमच्या गच्चीवरील १००० लिटरच्या टाकीचा हिशेब मांडला. ती जमिनीपासून आठ मीटरवर आहे. तिच्यातील सगळे पाणी खाली सोडले तरी मिळणारी ऊर्जा ०.०२२ युनिट, म्हणजे एक साधा पंखा जेमतेम वीस मिनिटे चालेल एवढी. तेच पाणी ४०० मीटरवरून उतरले, तर जवळजवळ एक युनिट हाती येते.

डिचोलीत राहणाऱ्याला इथे खाणींचे खंदक आठवल्यावाचून राहत नाहीत. बंद पडलेल्या लोहखनिजाच्या खाणींचे खोल खड्डे आमच्या भागात पाण्याने भरून पडले आहेत आणि त्यांच्या काठाशी टाकाऊ मातीचे डोंगर उभे आहेत. ऑस्ट्रेलियात किडस्टन येथे सोन्याच्या जुन्या खाणीचे असेच खड्डे वापरून २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प उभारला जात आहे. आपल्याकडे शंभर मीटरचा फरक मिळाला, तरी एका घनमीटर पाण्यामागे पाव युनिटच पडेल, आणि पावसात घसरणाऱ्या मातीच्या उतारांवर जलाशय टिकेल का, हे भूगर्भाची पाहणी केल्यावाचून कोणी सांगू नये. तरीही सह्याद्रीत नवे जंगल बुडवण्याआधी, जिथे जमिनीचे नुकसान आधीच होऊन गेले आहे, त्या जागांची पाहणी व्हावी असे मला मनापासून वाटते.

घरापुरते मी बॅटरीचे पाऊल उचलले. जुना इन्व्हर्टर बदलून हायब्रिड, म्हणजे पॅनेल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा, घेतला आणि त्याला लिथियम आयर्न फॉस्फेटची ५.१२ युनिटची बॅटरी जोडली. आमच्या टाकीच्या भाषेत सांगायचे तर ही एक पेटी म्हणजे तशा २३५ टाक्या. या रसायनात कोबाल्ट लागत नाही, ते इतर लिथियम प्रकारांपेक्षा आगीच्या दृष्टीने सुरक्षित आहे आणि काही हजार वेळा भरून रिकामे करता येते. उष्णतेने तिचे आयुष्य घटते, म्हणून ती जिन्याखाली, उत्तरेकडील भिंतीला लावली आहे. लाइट गेली की हायब्रिड इन्व्हर्टर घर बाहेरच्या तारेपासून तोडतो आणि मगच घराला वीज देतो. लाइनमन सुरक्षित राहतो आणि आमचे पंखेही चालू राहतात.

मग पावसाळ्यासाठी अशा आणखी बॅटऱ्या का घेऊ नयेत, असे मुलीने विचारले. मी रोजची नोंद वहीत करतो. मार्चमध्ये दिवसाला १३ युनिट सहज मिळतात, जुलैच्या झडीत कधी तीनच. घराला रोज आठ लागतात. पाच युनिटांची तूट धरली, तर चार महिन्यांत ६०० युनिट होतात, म्हणजे उन्हाळ्यात भरून ठेवायला ११७ पेट्या. आणि त्या वर्षातून एकदाच रिकाम्या होणार! रोज भरणारी-रिकामी होणारी पेटी आपला खर्च हजारो वेळांमध्ये वाटून टाकते. वर्षातून एकदा वापरायच्या पेटीला तो कधीच परवडत नाही.

या चार महिन्यांचे उत्तर त्याच पावसाच्या वाऱ्यात आहे. आपल्या देशातील पवनचक्क्या सर्वांत जोमाने फिरतात त्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांवर, म्हणजे नेमके आमच्या पॅनेलवर ढग असतात तेव्हा. साताऱ्याजवळचे वनकुसवडे, कर्नाटकातील चित्रदुर्ग, तमिळनाडूतील मुप्पंदल येथील वीज गोव्यात आणायला वाहिन्या लागतात, आणि मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या वाहिनीवरून इथे केवढे आंदोलन झाले हे आपण पाहिले आहे. मी त्या जंगलाच्या बाजूचा आहे आणि वाहिनीही मला हवी आहे. म्हणून नव्या तारा जुन्याच मार्गावरून, अस्तित्वात असलेल्या पट्ट्यातून न्याव्यात, त्यासाठी खर्च जास्त आला तरी चालेल, असे माझे मत आहे.

मुलीला मी ते वहीतले जुलैचे पान दाखवले. आता तिने युनिटांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखला आहे: त्या दिवशी वारा किती होता.