स्टॉलमनचं भाषण आणि बाबांचा डोंगल

काही वर्षांपूर्वी मुंबईत, फ्री सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनचं भाषण ऐकलं होतं, तेव्हा लिहायचं राहून गेलं. परवा बाबांच्या प्रेसमधलं कपाट आवरताना जुना डोंगल (कॉम्प्युटरला लावला तरच सॉफ्टवेअर चालू होईल अशी छोटी किल्ली) हाताला लागला आणि सगळं परत आठवलं, म्हणून आज लिहायला बसलोय.

हॉल गच्च भरला होता, आम्ही पायऱ्यांवर बसलो. माणूस आला, बूट काढून ठेवले आणि सरळ बोलायलाच लागला. ओपन सोर्सवाला म्हटलेलं त्याला अजिबात चालत नाही, फ्री सॉफ्टवेअरच म्हणायचं, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. फ्री म्हणजे फुकट नव्हे, तुमच्याकडे स्वतंत्र असा शब्द आहे तो वापरा म्हणाला, आणि खरंच की, आपल्याकडे मुक्त वेगळं नि फुकट वेगळं, गोंधळ इंग्रजीतच आहे. मग चार स्वातंत्र्यं, मोजणी शून्यापासून: प्रोग्राम हवा तसा वापरा, सोर्स कोड (प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूर) वाचून बदला, कॉपी दुसऱ्याला द्या, बदललेली कॉपी पण द्या.

पण मला धरून ठेवलं ते प्रिंटरच्या गोष्टीनं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या एआय लॅबमध्ये जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की ज्यांचं प्रिंटिंग चालू असेल त्यांच्या स्क्रीनवर मेसेज जावा, अशी सोय यानं कोडमध्ये केली होती, मग 1980 च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला पण त्याचा कोडच मिळाला नाही, दुसऱ्या विद्यापीठात ज्याच्याकडे तो होता त्याच्याकडे हा स्वतः गेला तर तो म्हणाला, देणार नाही असं लिहून दिलंय. पुढे 1983 च्या सप्टेंबरमध्ये ग्नू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची घोषणा, 1984 ला एमआयटीची नोकरी सोडली, 1989 ला जीपीएल, म्हणजे हीच स्वातंत्र्यं पुढच्या प्रत्येकाला द्यायची अट घालणारं लायसन्स.

हे ऐकताना माझ्या डोळ्यासमोर बाबांचा छापखाना. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, स्मरणिका, पंधरा वर्षांचं काम एका डीटीपी (कॉम्प्युटरवर पानं लावायच्या) सॉफ्टवेअरमध्ये, ते डोंगल लावल्याशिवाय सुरूच व्हायचं नाही आणि एक दिवस डोंगल मेला. नवा मिळेना. फाइल्स जागेवर, टाइप केलेलं अक्षर न् अक्षर बाबांचं, पण दुसरीकडे उघडलं की नुसती अगम्य चिन्हांची खडी. बाबा काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या अंकाचं मॅटर परत पहिल्यापासून टाइप करायला बसले. ते बघून आलेला राग कुणावर काढायचा हे तेव्हा कळत नव्हतं, त्या हॉलमध्ये कळलं.

घरी आल्यावर कन्व्हर्टर लिहायला घेतला, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, आणणारा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती दिसते आधी, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर. रफार बरोब्बर उलटा, युनिकोडमध्ये र् आधी यायला हवा. त्यामुळे नुसती अदलाबदल करून भागत नाही, जोडाक्षर कुठं सुरू होतं नि कुठं संपतं हे शोधावं लागतं. चार महिने गेले. जीपीएलखाली कोड टाकून दिला आणि विसरलो.

दीड वर्षानं सांगलीकडच्या एका प्रेसवाल्या काकांची मेल आली, त्यांच्या फाइल्समध्ये 'मूर्ती'चा रफार चुकीच्या जागी पडत होता, त्यांच्या मुलीनं कोड वाचून दुरुस्त केला होता आणि दुरुस्ती सोबत जोडली होती. मी ती प्रिंट काढून बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून 'मूर्ती' तेवढं वाचलं, आणि म्हणाले, आता 2003 चा दिवाळी अंक उघड बरं.