सॅकचा कॉलम रिकामा राहिला तो दिवस

मी पुण्यात एका कंपनीत अमेरिकन फुटबॉलच्या मॅचेसचं व्हिडिओ टॅगिंग करते. म्हणजे एकेक प्ले मागेपुढे करून बघायचा आणि कोण कुठे उभा होता, कोणी कोणाला अडवलं, कोण सुटला ते शीटमध्ये भरायचं. बॉल कुठे गेला हे बघणारी टीम वेगळी, माझ्याकडे फक्त ऑफेन्सिव्ह लाइन. पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे ओणवे उभे असलेले ते पाच आडदांड गडी, मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि दोन्ही टोकांना टॅकल, ज्यांचं नाव कॉमेंट्रीत बहुतेक वेळा काहीतरी बिघडलं की मगच येतं.

सांगायचंय फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलबद्दल, म्हणजे एनएफएल या अमेरिकन लीगच्या फायनलबद्दल, पण त्याआधी २०२१ चा सांगितल्याशिवाय त्यात एवढं काय ते कळणार नाही.

७ फेब्रुवारी २०२१, टॅम्पाचं ग्राउंड, कॅन्सस सिटी चीफ्स विरुद्ध टॅम्पा बे. आपल्याकडे सोमवारची पहाट होती. चीफ्सचे दोन्ही मेन टॅकल नव्हते. डावीकडचा एरिक फिशर आधीच्याच मॅचमध्ये अकिलीस टेंडन तुटून बाहेर गेलेला, उजवीकडचा मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्याने कधीचाच बाहेर, आणि गार्ड लॉरां दुवर्ने-तार्दिफ हा तर खरा डॉक्टर, तो कोविडमध्ये अख्खा सीझन सोडून कॅनडात पेशंट सांभाळायला गेला होता. मग माईक रेमर्सला उजवीकडून डावीकडे हलवला, गार्ड खेळणाऱ्या अँड्र्यू वायलीला राइट टॅकलला उभा केला, अशी जुळवाजुळव करून फायनल खेळले. ९-३१ हरले. त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स ५६ वेळा पाससाठी मागे गेला आणि त्यातल्या २९ वेळा कोणीतरी त्याच्या अंगावर येत होतं, सुपर बोलमध्ये तोवर कोणावरच एवढं प्रेशर आलं नव्हतं. टॅम्पाने जादा माणसं पाठवून ब्लिट्झसुद्धा फारसा केला नाही हो, चारच जण यायचे आणि तेवढे पुरायचे. ते टॅगिंग करताना मला खरंच वाईट वाटत होतं, कारण वायलीच्या नावापुढे मीच एकेक नोंद करत होते आणि मला दिसत होतं की तो जीव तोडून खेळतोय, पण शेजारचा माणूस नवा, त्याच्या शेजारचा नवा, कोण कुठे सरकणार ते कोणालाच नीट माहीत नाही.

मार्चमध्ये चीफ्सने फिशर आणि श्वार्ट्झ दोघांनाही सोडलं आणि लाइन मुळापासून बांधायला घेतली. पॅट्रियट्सकडून खेळलेला जो थूनी ५ वर्षांच्या ८ कोटी डॉलरच्या करारावर आला. ऑर्लँडो ब्राउन ज्युनियरसाठी बॉल्टिमोरला ड्राफ्टमधला, म्हणजे कॉलेजातले नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांमधला, पहिल्या राउंडचा पिक देऊन टाकला, त्याला लेफ्ट टॅकलच खेळायचं होतं, त्याच्या वडिलांची, तेही एनएफएलमधले टॅकल, तशी इच्छा होती म्हणून. ड्राफ्टमध्ये दुसऱ्या राउंडला सेंटर क्रीड हम्फ्री मिळाला, डावखुरा, बॉल डाव्या हाताने मागे देतो. आणि सहाव्या राउंडला, २२६ व्या नंबरला, ट्रे स्मिथ. हा माझा सगळ्यात लाडका. कॉलेजात असताना त्याच्या फुफ्फुसात रक्ताच्या गाठी झाल्या होत्या, त्या भीतीने सगळ्या टीम्स त्याला सोडून पुढे गेल्या, आणि चीफ्सकडे तो पहिल्याच मॅचपासून स्टार्टर झाला.

पण चांगली माणसं आणली की लाइन चांगली झाली असं नसतं. २०२१ च्या पहिल्या सात मॅचेसपैकी चार चीफ्स हरले. त्यांची लाइन रिव्ह्यूला आली की मी एकच गोष्ट शोधायचे, क्वार्टरबॅकवर धावून येणारे समोरचे दोन रशर क्रॉस झाले की आपले दोघं माणूस बदलतात का. सुरुवातीला कधीकधी दोघंही एकाच्याच मागे जायचे आणि दुसरा मोकळा. हळूहळू ते कमी होत गेलं. थूनीचा हात फ्रॅक्चर झाला तरी तो हाताला जाडजूड पट्टी बांधून खेळत राहिला, मला वाटतं अशा सलग एकत्र खेळण्यानेच त्यांना एकमेकांचा अंदाज आला. राइट टॅकलचा लूकस नियांग मात्र जानेवारी २०२२ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि त्या जागी परत आपला वायली.

आता १३ फेब्रुवारी २०२३. पहाटे पाचला मॅच, चीफ्स विरुद्ध फिलाडेल्फिया ईगल्स. ईगल्सने त्या सीझनला ७० सॅक केले होते, म्हणजे बॉल सुटायच्या आत क्वार्टरबॅकला ७० वेळा पाडलं होतं, चार जण तर दोन आकडी, त्यात हॅसन रेडिक १६. हा रेडिक बहुतेक वायलीच्या बाजूने येणार. त्यातून महोम्सचा घोटा दुखावलेला, म्हणजे मागच्यासारखं पळून जीव वाचवायची सोयही नाही.

टीममध्ये एक नवीन मुलगा होता, सांगलीचा, कॉलेजपर्यंत कबड्डी खेळलेला. वरून घेतलेलं फुटेज आल्यावर त्याला शेजारी बसवून मी प्ले लावत होते. तो थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, ही तर साखळीच आहे, एकाने हात सोडला की रेडर गेला." म्हटलं हो रे, फक्त इथे हात धरायचा नाही, न धरताच शेजारचा कुठेय ते कळलं पाहिजे.

हाफटाइमला चीफ्स १४-२४ ने मागे होते. महोम्सचा घोटा परत मुरगळला होता आणि चेहऱ्यावर ते दिसत होतं. पण दुसऱ्या हाफमध्ये लाइनने जे केलं ते मी प्रत्येक प्ले थांबवून थांबवून बघितलं. पळायच्या प्लेला हम्फ्री आणि स्मिथ मधली जागा उघडायचे आणि बॉल घेऊन पळणारा पाचेको त्यातून घुसायचा. पासच्या वेळी रेडिक बाहेरून जोरात आला की वायली त्याला ढकलत ढकलत महोम्सच्या मागून पलीकडे नेऊन सोडायचा. दुसऱ्या हाफमध्ये चीफ्सला चारदा बॉल मिळाला, चारही वेळा पॉइंट्स, ३८-३५ जिंकले. आणि सॅक शून्य. ७० सॅकवाल्या टीमला एकही नाही.

पोरगा म्हणाला, ग्राउंड घसरडं होतं ना, म्हणून रशर पडत होते. होतं घसरडं, प्लेअर्सनी स्वतः सांगितलं. बॉलही पटापट सुटत होता, ते पण खरं. पण लाइनमनलासुद्धा त्याच गवतावर मागे सरकत उभं राहायचं होतं, आणि आमच्या शीटमध्ये माणूस बदलायच्या जागा मी परत परत तपासल्या, मागच्या वेळेसारखं दोघं एकाच्या मागे गेलेत असं त्या दिवशी मला सापडलं नाही. मी वायलीची दोन्ही सुपर बोलची शीट शेजारी शेजारी उघडून त्याला दाखवली. माणूस तोच, जागा तीच, फक्त बाकीचे चार जण बदललेत. तो बराच वेळ ती बघत बसला, मग स्वतःच म्हणाला की ताई उरलेला सेकंड हाफ मी करतो, तुम्ही नंतर चेक करा.

त्यानंतर महिन्याभरातच वायली वॉशिंग्टनला गेला आणि ब्राउन सिनसिनाटीला. म्हणजे दोन्ही टॅकल परत नवे. लेफ्टला पुढे घेतला डोनोव्हन स्मिथ, २०२१ च्या त्या सुपर बोलमध्ये टॅम्पाचा लेफ्ट टॅकल होता तोच. नवा सीझन सुरू झाल्यावर चीफ्सची डावी बाजू मी लीडकडून स्वतःकडे मागून घेतली.