वाण्याच्या रांगेतला बीटा

10 जुलै 2020, शुक्रवार. दुपारी बातमी आली: 13 तारखेच्या मध्यरात्रीपासून पुणे आणि पिंपरी-चिंचवड दहा दिवस बंद. माझ्या दृष्टीने करोनाच्या साथीचा अंदाज बांधणाऱ्या आमच्या मॉडेलच्या कोडमधली एक ओळ बदलायची होती. 14 पासून बीटा खाली आणायचा, की झालं.

बीटा म्हणजे एक बाधित माणूस रोज साधारण किती जणांना आजार देईल तो दर. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर समीकरणं सोडवतो. खरं तर दिवस जातो रविवारच्या राहिलेल्या नोंदी सोमवारच्या आकड्यातून उपसण्यात. पण त्या मॉडेलमधल्या एका तुकड्याचा मला फार अभिमान होता. रुग्ण वाढले की लोक घाबरतात, घाबरले की भेटीगाठी घटतात, म्हणून बीटाला (1 + kI) ने भागायचं. I म्हणजे बाधित, k म्हणजे भीती. k शून्य ठेवला तर रुग्णांच्या आलेखात एकच उंच डोंगर उठतो आणि ओसरतो. k घातला की डोंगर बसतो, पठार लांबतं. लोकांना बातमी उशिरा कळते असं धरलं, तर त्या पठारावर लाटाही उठतात. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी 1927 मध्ये साथीचं गणित मांडलं ते मुंबईच्या 1905-06 च्या प्लेगचे मृत्यू समोर ठेवून, पण त्यांच्या त्या गणितात माणसं घाबरतच नाहीत. माझ्यात घाबरत होती!

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, महिन्याचं वाणसामान आत्ताच आणून टाक, नंतर मिळायचं नाही."

कोथरूडमध्ये आमच्या वाण्याच्या दारात रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. खडूची वर्तुळं पावसाने कधीच धुऊन नेलेली. मास्कमुळे चष्म्यावर वाफ, मागचे काका माझ्या खांद्यावरून वाकून "रवा आहे का रे?" असं ओरडत होते. पिशवी धरून उभी असताना लक्षात आलं, की ही गर्दी माझ्या मॉडेलमध्ये नाहीच. ही माणसं रुग्णसंख्येला नाही, तारखेला घाबरली होती. आणि भीतीने भेटीगाठी घटत नव्हत्या, वाढत होत्या. माझ्या लाडक्या k चं चिन्हच उलटं झालं होतं. रांगेत मीही होतीच.

रात्री तीन दिवसांचा एक उंचवटा बीटात घातला. पण किती उंच? मोजलेलं काहीच हाताशी नव्हतं. दुसऱ्या दिवशी वाण्याला फोन केला, नेहमीपेक्षा गिऱ्हाईक किती? "ताई, तांदूळ संपला, मोजतोय कोण?"

सोमवारच्या बैठकीत वरिष्ठांनी तो उंचवटा काढायला लावला. "रांगेसाठी टर्म? रेफ्री फाडून खाईल." शोधनिबंध तपासणारा रेफ्री त्यांना शहरापेक्षा नेहमीच जवळचा. आकडे मागणाऱ्या साहेबांना तर एकच हवं होतं: पीक, म्हणजे साथीचा कळस, कोणत्या तारखेला? आम्ही तारीख दिली. मीही गप्प बसले.

बंदच्या काळात आकडे उतरले नाहीत, चढले. "बंदचा काही उपयोग नाही" असं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो तो ठोकून देऊ लागला. लागण ते लक्षणं साधारण पाच दिवस, मग चाचणी, मग अहवाल, मग नोंद. म्हणजे रांगेतली लागण पटावर येणार ती नेमकी बंद चालू असताना. मला जवळजवळ आनंद झाला, आणि त्याची लाजही वाटली.

पण त्याच सुमारास अँटिजेन चाचण्याही वाढल्या होत्या. उंचवटा घालून मॉडेलची रेघ रोजच्या आकड्यांच्या बिंदूंमधून जाते, तो काढून चाचण्या वाढल्या असं धरलं तरी तितकीच सुरेख जाते. दोन्ही थोडंथोडं घातलं तरी जाते. रांग उघड्यावर होती, तासाभराची होती, कदाचित तिने काहीच केलं नसेल. की मागचे काका आणि मी मिळून काही केलं असेल?

ती ओळ अजून कोडमध्ये आहे, पुढे # लावून बंद केलेली. हाताला काम नसलं की # काढते, उंचवटा थोडा कमी-जास्त करते आणि रन टाकते. दरवेळी रेघ बिंदूंमधून जाते.