युद्धयंत्र रंगवण्याआधी
काल्पनिक सैन्याच्या लघुप्रतिमांमध्ये मला सर्वाधिक ओढ युद्धयंत्रांची आहे, कारण दगड फेकणाऱ्या एकाच यंत्रात लाकूड, लोखंड आणि दोरखंड यांचे पोत एकत्र येतात. पॉलिस्टायरिन या कडक प्लॅस्टिकचे भाग प्लॅस्टिक सिमेंट नावाच्या गोंदाने विरघळून एकजीव होतात. रेझिन (साच्यात ओतून घट्ट केलेली राळ) वा धातूला मात्र सुपरग्लूसारखा वेगळा गोंद लागतो. चाके आणि यंत्र चालवणारे सैनिक शेवटपर्यंत सुटे ठेवावेत, म्हणजे चौकटीच्या आत ब्रश पोहोचतो, परंतु सांध्यांवर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पायाचा थर, चढू देऊ नये, कारण रंगाच्या थरावर ते सिमेंट नीट धरत नाही. लाकडाला निव्वळ तपकिरी रंग देणे मला पटत नाही: उन्हापावसातले लाकूड करडे पडते, म्हणून गडद तपकिरीवरचा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) पूर्ण वाळल्यावर फिकट राखाडी रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश उठावांवरून हलकेच फिरवावा. गंज खिळ्यांभोवती आणि पाणी साचेल अशा खाचांतच शोभतो.